शुभवर्तमानाच्या नकला आणि चुकांचा वंशवृक्ष

‘बायबलच्या हस्तलिखितांत चार लाख फरक आहेत’ हे वाक्य धर्मावरच्या वादात हमखास ऐकू येतं. ते ऐकून एक बाजू म्हणते, म्हणजे सगळंच बनावट. दुसरी बाजू म्हणते, छे, एक अक्षरही बदललेलं नाही. दोघांचंही चुकतं. मूळ मजकूर शोधणाऱ्याला हे फरक अडचणीचे वाटत नाहीत, कारण तेच त्याचं भांडवल असतं. सगळ्या प्रती तंतोतंत सारख्या असत्या, तर त्या मुळाशी इमानी आहेत की एकाच बिघडलेल्या प्रतीवरून उतरल्या आहेत, हे ठरवायला काही साधनच उरलं नसतं.

ऑक्सफर्डच्या जॉन मिल यांनी १७०७ साली सुमारे शंभर हस्तलिखितं ताडून नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाचे, ३०,००० पाठभेद (प्रतींतले शब्दांचे फरक) छापले, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. आज नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची नोंद पाच हजारांच्या वर गेली आहे. प्रती वाढल्या की फरकांची बेरीज वाढणारच. त्यातले बहुतेक शुद्धलेखनाचे किंवा शब्दांच्या मागेपुढे होण्याचे आहेत.

नव्या करारातल्या, येशूची कथा सांगणाऱ्या चार ग्रंथांना शुभवर्तमानं म्हणतात. पण शुभवर्तमान हे मुळात पुस्तकाचं नाव नव्हतं. ग्रीक ‘युआंगेलियॉन’ म्हणजे आनंदाची बातमी, जाहीर घोषणा. आजच्या तुर्कस्तानात, प्रियेने इथे सापडलेल्या इ.स.पू. ९ च्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्माच्या संदर्भात हाच शब्द आला आहे. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याच्या पत्रांत शुभवर्तमान म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आणि पुनरुत्थानाची वार्ता, मुख्यतः तोंडाने सांगायची. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचा ग्रंथ इ.स. ७० च्या आसपासचा, मत्तय आणि लूक त्यानंतरचे आणि योहान शतकाच्या अखेरचा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात हा शब्द पुस्तकांसाठी, अनेकवचनात, वापरलेला दिसतो. ग्रंथांची नावंही ‘मत्तयानुसार’, ‘मार्कानुसार’ अशी पडली. वार्ता एकच, सांगणारे चार.

या चौघांच्या हातची एकही प्रत शिल्लक नाही. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात ‘पी-५२’ नावाचा पपायरसचा तुकडा आहे. जेमतेम ९ सेंटिमीटर उंचीच्या त्या तुकड्यावर योहानाच्या १८ व्या अध्यायातल्या काही ओळी आहेत. अक्षरवळणावरून तो दुसऱ्या शतकातला मानतात, पण नुसत्या वळणावरून दशक सांगता येत नाही. तो तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतही सरकू शकतो. पूर्ण ग्रंथ हवे असतील तर चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाई या दोन चर्मपत्री पोथ्यांपर्यंत यावं लागतं. मधल्या काळात काय झालं, ते नकलकारांच्या चुका सांगतात.

या चुका मला फार आवडतात, कारण त्यांच्यात नकलकाराचे डोळे दिसतात. योहान १७:१५ मध्ये (अध्याय १७, वचन १५) येशू प्रार्थना करतो, त्याचा आशय असा: तू त्यांना जगातून काढून घ्यावंस अशी माझी विनंती नाही, तर त्यांना दुष्टापासून राखावंस अशी आहे. ग्रीकमध्ये ‘जगातून’ आणि ‘दुष्टापासून’ या दोन्हींच्या आधी तेच छोटे शब्द येतात. व्हॅटिकन पोथीच्या नकलकाराची नजर पहिल्या जागेवरून थेट दुसऱ्या जागेवर गेली आणि मधला मजकूर गळला. उरलं ते असं: तू त्यांना दुष्टापासून काढून घ्यावंस अशी माझी विनंती नाही!

चौदाव्या शतकातल्या १०९ क्रमांकाच्या पोथीत याहून मोठा घोळ आहे. समोरच्या प्रतीत लूकने दिलेली येशूची वंशावळ दोन स्तंभांत लिहिलेली होती. एक स्तंभ संपवून दुसरा घ्यायचा, तर नकलकार आडवा वाचत गेला. जवळजवळ प्रत्येकाला भलताच बाप मिळाला, देव हा वंशावळीतल्या अराम नावाच्या माणसाचा मुलगा ठरला आणि मानववंशाचा उगम देवाऐवजी पेरेस नावाच्या माणसापाशी गेला.

आता खरा मुद्दा. दोन पोथ्यांत एखादं वाक्य सारखं आणि बरोबर असेल, तर त्यांचं नातं सिद्ध होत नाही. दोघींनी ते मुळापासून स्वतंत्रपणे जपलेलं असू शकतं. पण दोघींत तीच विचित्र चूक, त्याच जागी असेल, तर ती कुठल्यातरी एका नकलकाराची आहे आणि दोघी त्याच्या वंशातल्या आहेत. नातं जोडते ती सामायिक चूक.

जीवशास्त्रज्ञ हाच नियम वापरतात. पाठीचा कणा माशाला, बेडकाला, मांजराला आणि माणसाला असतो, म्हणून त्यावरून या चौघांत मांजर माणसाला अधिक जवळचं ठरत नाही. केस आणि दूध या त्या वंशात पुढे आलेल्या नव्या गोष्टी आहेत. नातं त्यांच्यावरून कळतं. विली हेनिग यांनी १९५० मध्ये हे तत्त्व जीवशास्त्रासाठी काटेकोरपणे मांडलं. पोथ्यांचे अभ्यासक एकोणिसाव्या शतकापासून तसंच काम करत होते.

समजा अ, ब, क, ड या चार पोथ्या आहेत. अ आणि ब मध्ये असलेली एक ओळ क आणि ड मध्ये सारखीच गळली आहे. शिवाय क मध्ये स्वतःची एक चूक आहे जी ड मध्ये नाही, आणि ड मध्ये एक आहे जी क मध्ये नाही. तर क ही ड ची आई नव्हे, ड ही क ची नव्हे. दोघींची आई तिसरीच कुणीतरी होती, ती ओळ गाळणारी. ती आज जगात कुठेही नाही, पण ती होती हे ठामपणे सांगता येतं, आणि तिचा बराचसा मजकूर पुन्हा उभाही करता येतो. अट एवढीच, की या चुका पुढच्या नकलकाराला नुसत्या तर्काने दुरुस्त करता न येणाऱ्या हव्यात.

डब्लिनचे विल्यम फेरार यांनी १८६८ मध्ये अशीच हरवलेली आई शोधली. पॅरिस, लेस्टर, व्हिएन्ना आणि मिलान इथल्या चार पोथ्या त्यांनी ताडल्या. व्यभिचाराचा आरोप झालेल्या स्त्रीची प्रसिद्ध गोष्ट एरवी योहानात येते. या कुटुंबात ती लूकच्या २१ व्या अध्यायाच्या शेवटी आहे. चार नकलकारांनी ती आपापल्या मनाने तिथेच नेऊन ठेवली, हे पटण्यासारखं नाही.

यातून ‘जास्त प्रतींत आहे तेच मूळ’ हा बहुमताचा दावाही कोसळतो. एका आईच्या हजार नकला असल्या तरी मुळाबद्दल ती साक्ष एकच. मार्कचा ग्रंथ व्हॅटिकन आणि सिनाई पोथ्यांत १६:८ वर, कबरीतून घाबरून पळालेल्या स्त्रियांवर, संपतो. नंतरच्या बहुसंख्य प्रतींत आणखी बारा वचनं आहेत. तरीही बहुतेक अभ्यासक ती मागाहून जोडलेली मानतात.

अडचण येते ती नकलकाराने समोर दोन प्रती ठेवल्यावर. मग मुलीला दोन आया होतात, जीवाणू एकमेकांत जनुकं देतात तसं, आणि फांद्या एकमेकींत गुंततात. लूकमधली प्रभूची प्रार्थना मुळात आखूड होती. नकलकारांना मत्तयातली पाठ असल्यामुळे अनेकांनी ती स्वतंत्रपणे लांबवली. अशी सामायिक भर नातं दाखवत नाही. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संस्थेत गेर्ड मिंक यांनी यावर संगणकी पद्धत बसवली. तीत प्रत्येक दोन प्रतींच्या मजकुरांतलं साम्य टक्क्यांत काढतात. जिथे दोन्ही वेगळ्या आहेत तिथे कुठला पाठ कुठल्यापासून निघाला असावा हे ठरवतात. ज्या प्रतीत आधीचे पाठ जास्त, ती संभाव्य पूर्वज. मग एका ठिकाणचा निर्णय बाकी हजारो ठिकाणच्या निर्णयांशी जुळतो का, हे पुन्हा तपासतात आणि न जुळल्यास मागे जाऊन निर्णय बदलतात. झाडाऐवजी जाळं तयार होतं.

जाता जाता एक सांगायलाच हवं. धर्मग्रंथातली ठराविक अंतरावरची अक्षरं उचलून भविष्य वाचणारे अधूनमधून उगवतात. एकाच वाक्याचं शुद्धलेखन प्रतीप्रतीत बदलतं, तिथे ‘शंभरावं अक्षर’ कुठल्या प्रतीतलं मोजायचं? हा शुद्ध भ्रम आहे.

अलीकडच्या एका बनावटीचा छडाही सामायिक चुकीच्या नियमानेच लागला. सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेतला एक पपायरसचा तुकडा जाहीर केला. त्यात येशू ‘माझी पत्नी’ म्हणतो, आणि जगभर मथळे झळकले. २०१४ मध्ये कार्बन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पपायरस खरोखर जुना, साधारण सातव्या ते नवव्या शतकातला, आणि शाई काजळीची. पण कार्बन वनस्पतीच्या मृत्यूचा काळ सांगतो, लेखनाचा नाही. जुना कोरा पपायरस मिळवता येतो आणि काजळी आजही बनते.

मजकूर मात्र बोलला. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्दसमूह थोमाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलबाहेरचा, येशूच्या वचनांचा संग्रह) कॉप्टिक प्रतीतून उचललेला होता. पहिल्या ओळीत व्याकरणाला आवश्यक असलेलं एक अक्षर गायब होतं. नेमकं तेच अक्षर, त्याच जागी, इंटरनेटवर ठेवलेल्या थोमाच्या एका आधुनिक प्रतीत टंकनाच्या चुकीने सुटलं होतं. त्याच संग्रहातला, त्याच हस्ताक्षरातला योहानाचा तुकडा तर १९२४ मध्ये छापलेल्या एका जुन्या पोथीच्या ओळी एकाआड एक उतरवून तयार केलेला निघाला. पोथीतली ओळ जिथे तुटते, तिथेच तुकड्यातलीही तुटत होती, आणि त्यातली कॉप्टिकची बोली त्या पपायरसच्या काळाआधीच लोप पावली होती. २०१६ मध्ये किंग यांनीही पुरावा बनावटीच्या बाजूने झुकतो हे मान्य केलं.