नाकाला न झोंबणारा गॅस जास्त डेंजर

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया लीक झाला की आधी डोळ्यांतून धारा लागतात, मग ठसका, आणि माणूस हातातलं काम टाकून बाहेर पळतो. पळतो म्हणूनच बहुतेक वेळा वाचतो. अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो, त्यामुळे डोळे, नाक, घसा असा जिथे ओलावा मिळेल तिथेच तो चिकटतो आणि भाजतो, खाली फुफ्फुसात त्यातला कमीच पोचतो. अर्थात पाइप तोंडासमोरच फुटला किंवा दार लॉक असलं तर हा हिशोब चालत नाही, 300 पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग झाले तरी जिवाला धोका धरतात.

क्लोरीनचं धोक्याचं प्रमाण तर त्याहून खूपच कमी, 10 पीपीएमच! तो विरघळतो पण मध्यम, म्हणून घशालाही लागतो आणि खाली श्वासनळ्यांतही उतरतो. हा गॅस तयार करायला केमिकल कंपनी लागत नाही, संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं की झालं. दोन्ही टाकलं की डबल साफ होतं असं किती जणांना वाटतं काय सांगू! त्यात बाथरूम एवढंसं, एक्झॉस्ट बंद, आणि क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड म्हणून फरशीलगत साचतो, म्हणजे उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या मावशींच्या बरोब्बर तोंडाशी.

पण मला खरी भीती वाटते ती नायट्रोजन डायऑक्साइडची. बंद टाकीत गॅस वेल्डिंग करताना तो साचतो, पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून घसा जेमतेम खवखवतो आणि गडी शिफ्ट पूर्ण करून घरी जातो, जेवतो, झोपतो. तेवढ्यात गॅस पार शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचलेला असतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. काही जणांना यातून बरं वाटल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा दम लागतो, कारण बारीक श्वासनळ्या आतून व्रण धरून बंद व्हायला लागतात.

शिवाय एकदाच जोरात गॅस लागला तरी 24 तासांत दम्यासारखा त्रास सुरू होऊन तीन महिन्यांच्या वर टिकू शकतो, आधी कधी दमा नसला तरी. डॉक्टरांनी याला 1985 मध्ये रॅड्स (रिॲक्टिव्ह एअरवेज डिसफंक्शन सिंड्रोम) असं नाव दिलं.

आणि मास्कचं म्हणाल तर तोंडाला बांधलेल्या ओल्या रुमालाच्या किंवा एन-95 च्या भरवशावर राहू नका, एन-95 धुळीसाठी असतो. गॅससाठी वेगळा कार्ट्रिजवाला मास्क लागतो, तोही त्या त्या गॅसचा. गॅस लागलेल्या माणसाला बरं वाटतंय म्हणून एकटं घरी सोडू नका, दवाखान्यात न्या आणि बाटलीच्या किंवा सिलिंडरच्या लेबलचा फोटो सोबत ठेवा, नाहीतर साधा खोकला म्हणून सिरप देऊन परत पाठवतात.