उत्क्रांतिवृक्षांतील अंतर मोजणाऱ्या संगणकप्रणाली

एकाच जीवसमूहाचे किंवा भाषासमूहाचे निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले वंशवृक्ष परस्परांपासून किती भिन्न आहेत, हे आकड्यात सांगणाऱ्या प्रणाली. वृक्षाची एखादी अंतर्गत फांदी तोडली की पानांचे (म्हणजे टोकांवरच्या जीवजातींचे किंवा भाषांचे) दोन गट पडतात. अशा ज्या विभागण्या दोनपैकी एकाच वृक्षात सापडतात, त्यांची एकूण संख्या म्हणजे रॉबिन्सन-फोल्ड्स अंतर. बहुतेक प्रणालींचा पाया हाच आहे.

या अंतराच्या जनकत्वाबद्दल एकवाक्यता नाही. नाव रूढ झाले ते रॉबिन्सन व फोल्ड्स यांच्या १९८१ च्या लेखामुळे. पण याच दोघांचा भारित (फांद्यांना लांबीचे आकडे दिलेल्या) वृक्षांवरील लेख १९७९ चा आहे आणि बुर्क यांचा माँट्रियलचा प्रबंध त्याही आधीचा, १९७८ चा. मूळ कल्पना बुर्क यांची व तिचा विस्तार रॉबिन्सन-फोल्ड्स यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. रॉबिन्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेले अंतर शेजारच्या फांद्यांच्या अदलाबदलीवर आधारलेले असून ते वेगळे आहे. डे यांनी १९८५ मध्ये दिलेल्या रीतीमुळे ही गणना पानांच्या संख्येच्या प्रमाणातच वेळ घेते.

खानदेशातील अहिराणीचे उदाहरण घेता येईल. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशी ही भिल्ली बोलींबरोबर, गुजराती-राजस्थानीच्या मध्यवर्ती गटात ठेवली, इतर अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात. गुजरातीशी जुळणारे षष्ठीचे ना-नी हे प्रत्यय आणि ‘शे’ हे क्रियापद पाहता पहिल्या मताकडे दुर्लक्ष करता येत नाही. समजा, दोन्ही वृक्षांत मराठी-कोकणी ही जोडी आहे. मात्र एकात अहिराणी-गुजराती, तर दुसऱ्यात गुजराती-राजस्थानी अशी दुसरी जोडी आहे. या पाच पानांच्या मूळरहित (मूळ पूर्वज कोठे ते न दाखवणाऱ्या) वृक्षांतील अंतर २ येते. कमाल शक्य अंतर ४.

एकच पान दूर हलवले तरी हे अंतर कमाल मर्यादा गाठू शकते, हा मोठा दोष. म्हणून चार-चार पानांच्या गटांवरचे अंतर, तसेच फांद्यांची लांबी धरणारे बिलेरा-होम्स-फोग्टमन (२००१) अंतर वापरतात. ओवेन व प्रोव्हन यांच्या रीतीने (२०११) हे दुसरे अंतर व्यवहारात मोजता येऊ लागले.

फेल्सेन्स्टाइन यांच्या ‘फायलिप’ संचातील ‘ट्रीडिस्ट’, ‘आर’ या संगणकभाषेतील ‘फँगॉर्न’ व ‘ट्रीडिस्ट’ (नाव तेच, संच वेगळा) आणि पायथनमधील ‘डेंड्रोपाय’ प्रचारात आहेत. दोन्ही वृक्षांत पानांची नावे अक्षरशः सारखी असावी लागतात. एकात ‘अहिराणी’ व दुसऱ्यात ‘खानदेशी’ लिहिले, तर ती दोन वेगळी पाने ठरतात.