पोकळीतली ठिणगी

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत भट्टीचा व्हीसीबी, म्हणजे पोकळीत (व्हॅक्यूममध्ये) प्रवाह तोडणारा सर्किट ब्रेकर, उघडला की 'खट्' असा कोरडा आवाज येतो. त्या क्षणी पॅनेलमधल्या हवा काढून घेतलेल्या पांढऱ्या बाटलीत तांबे-क्रोमियमचे दोन काँटॅक्ट जेमतेम सेंटिमीटरभर लांब होतात, आणि मध्ये ठिणगी पेटते. पेटायला तिथं आहे काय?

हवेत इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळतात, त्यातून नवे इलेक्ट्रॉन सुटतात आणि लोंढा तयार होतो. बाटलीतला दाब मात्र वातावरणाच्या अब्जांशाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. एखादा रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी साठेक मीटर जाईल! तिथं लोंढा उठणार कुठून?

तो धातूतूनच उठतो. काँटॅक्ट सुटताना शेवटी टेकलेला बिंदू तापतो, वितळतो आणि त्याची वाफ होते. काँटॅक्ट आधीच लांब असतील आणि व्होल्टेज खूप असेल, तर पृष्ठभागावरच्या सूक्ष्म टोकांतून इलेक्ट्रॉन बाहेर खेचले जातात. याचं गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी 1928 मध्ये मांडलं. टोक अतिशय तापलं की फुटतं आणि त्याच वाफेचा प्लाझ्मा, म्हणजे वीज वाहून नेणारा वायू, होतो. ही ठिणगी आपलं इंधन स्वतःच खणून काढते, म्हणून मला ती फार विलक्षण वाटते.

कॅथोडवर, म्हणजे ऋण बाजूच्या काँटॅक्टवर, तिचे ठिपके दिसतात, मायक्रोमीटरच्या मापाचे. तांब्यावर एक ठिपका साधारण शंभर अँपिअर पेलतो, प्रवाह वाढला की फुटून दोन होतात. ते सतत मरतात आणि शेजारी नवे जन्मतात. चुंबकीय क्षेत्रात तर ते अपेक्षेच्या उलट दिशेला सरकतात.

खरी अडचण प्रवाह ओसरताना येते. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्याआधीच एकेक ठिपका विझत शेवटचा एकटा उरतो. काही अँपिअरवर त्याला पुरेशी वाफ काढता येत नाही आणि शून्याची वाट न पाहता तो अचानक मरतो. समजा 5 अँपिअर असे तुटले आणि सर्किटचा सर्ज इम्पीडन्स, म्हणजे अशा अचानक बदलाला होणारा विरोध, 5000 ओहम असला, तर 25,000 व्होल्टचा झटका बसू शकतो. तांब्यात क्रोमियम मिसळल्याने हे तुटणं कमी होतं.

हजारो अँपिअरचा शॉर्टसर्किट सहज तोडणारा ब्रेकर रिकाम्या, म्हणजे भार नसलेल्या, ट्रान्सफॉर्मरच्या इवल्याशा प्रवाहाशी असा वागतो. म्हणून भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी गेलो की मी आधी असे झटके शोषणारे सर्ज अरेस्टर आणि आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सर्किट जागेवर आहे का, ते पाहतो.