उडणारी बदके जातात का आणि परततात का

पाळीव बदक उडत नाही, हा समज पेकिन, रुआँ अशा जड जातींपुरताच खरा आहे. मॅलार्ड, छोटी कॉल डक आणि मस्कोव्ही या अमेरिकेतल्या बदकाची मादी यांना पुरुषभर उंचीच्या कुंपणाची काहीच अडचण नसते. मस्कोव्ही सोडली तर सगळ्या पाळीव बदकांचे मूळ एकच, मॅलार्ड हे रानबदक. त्याचे वजन सव्वा किलोच्या आसपास. मांसासाठी निवड करत माणसाने पेकिनमध्ये ते चार किलोच्या घरात नेले, पण पंख त्या हिशेबाने वाढले नाहीत. जिथे वजन वाढवले नाही तिथे उडणे शाबूत राहिले, आणि पक्षी निघून जाण्याची धास्तीही राहिली.

या धास्तीवरचा रोमन उपाय जाळीचा होता. पहिल्या शतकातला शेतीलेखक कोलुमेला बदकांच्या आवाराला १५ फूट उंच भिंत आणि वर जाळीचे छत सांगतो, म्हणजे बदके बाहेर जाणार नाहीत आणि शिकारी पक्षी आत येणार नाहीत. त्याची दुसरी सूचना अधिक मोलाची आहे. रानबदकांची अंडी पाणथळीतून गोळा करून खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. अशी पिल्ले रानटीपणा सोडतात आणि बंदिस्त जागेतही प्रजा वाढवतात. (आज रानातली अंडी उचलणे अनेक देशांत गुन्हा आहे.)

हे का घडते, ते विसाव्या शतकात उलगडले. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की अंड्यातून बाहेर पडल्यावर सुरुवातीच्या तासांत पिल्लू ज्याच्या मागे जाते त्यालाच आई मानते. मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांच्या मॅलार्डवरच्या प्रयोगांत हा ठसा १३ ते १६ तासांच्या वयात सर्वांत पक्का उमटला. म्हणून यंत्रात उबवलेली पिल्ले वाळली की पहिल्याच दिवशी त्यांच्याजवळ बसावे, ठरावीक आवाजात हाक देऊन खाऊ घालावे. मात्र एकटे पिल्लू वाढवू नये. ते माणसालाच आपली जात समजू लागते आणि पुढे जोडी जमवताना गोंधळते.

डार्विन यांनी १८६८ मध्ये पाळीव आणि रानबदकांचे सांगाडे तोलून लिहिले की पाळीव बदकाच्या पंखांची हाडे प्रमाणाने हलकी आणि पायांची जड असतात. रानबदकांच्या अंड्यांपासून वाढवलेला कळप दोन-तीन पिढ्यांतच बेढब होऊ लागतो, हेही त्यांनी एका पक्षीपालकाच्या अनुभवावरून नोंदवले. भरपूर दाणा आणि कमी उडणे मिळाले की आजही हेच होते. उडणारी बदके हवी असतील तर दर पिढीत हलकी, चपळ पाखरेच पैदाशीला ठेवावी लागतात.

नेदरलँड्समध्ये वेगळीच वाट सापडली. तिथल्या सापळ्यांच्या तळ्यांवर माणसाळलेली बदके मोकळी असत. तळ्यातून निघणाऱ्या, जाळीने झाकलेल्या आणि निमुळत्या होत जाणाऱ्या वाकड्या चरांच्या तोंडाशी त्यांना दाणा मिळे, आणि त्यांच्या मागोमाग रानबदके आत शिरत. सतराव्या शतकात ही पद्धत इंग्लंडला गेली. छोट्या, कर्कश आवाजाच्या कॉल डक शिकारीत आमिष म्हणून वापरल्या जात. अमेरिकेने १९३५ मध्ये जिवंत आमिषावर बंदी घातली. दाणा ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी मिळत असेल तर उडणारे बदक त्या जागेला धरून राहते, हा त्या तळ्यांचा धडा अजून उपयोगी आहे.

तरीही काही पाखरे जातातच, आणि कोण जाते याला नियम आहे. मॅलार्डची मादी विणीसाठी जन्माच्या परिसरात परतू पाहते. जोड्या मात्र थंडीत जमतात आणि नर मादीच्या मागे जातो. त्यामुळे तुमचा मोकळा नर एखाद्या रानमादीशी जमला तर तिच्या गावी निघून जातो, आणि तुमची मादी रानातला नर घेऊन घरी येते. नर राखायचे असतील तर कळपात माद्या पुरेशा हव्यात. धोक्याचा काळ शरद ऋतूचा. त्या वर्षीची पिल्ले तेव्हा पूर्ण उडती झालेली असतात आणि वरून स्थलांतराचे थवे जात असतात.

मस्कोव्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. कोलंबस पोहोचण्याआधीच तिथल्या लोकांनी ती पाळली होती. ती झाडावर बसणारी आहे, लांब स्थलांतर करत नाही. मादी दिसेनाशी झाली तर बहुधा ती कुठेतरी अंड्यांवर बसलेली असते. दिवसातून थोडा वेळ खायला उतरते तेव्हा तिच्या मागावर राहावे. ३५ दिवसांनी पिल्ले निघतात. मॅलार्डला २८ पुरतात.

मॅलार्डची पिल्ले सात-आठ आठवड्यांत उडू लागतात. त्याआधीच त्यांना जाळीच्या आवारात ठेवावे आणि मग दोन-चार पाखरेच, संध्याकाळच्या दाण्याआधी उपाशीपोटी सोडावीत. बाकीचे आत राहून हाका घालतात. पिल्लांना अतिपौष्टिक खाणे दिले तर पंखाचे टोक बाहेर वळते. पिसांचे ओझे सांध्याला पेलत नाही आणि पाखरू कायमचे जायबंदी होते. लक्षात येताच पंख नैसर्गिक घडीत मऊ पट्टीने तीन-चार दिवस बांधावा आणि खाण्यातली प्रथिने कमी करावीत.

पाखरू अडवायचे तर एकाच पंखाची दहा मोठी पिसे कातरतात, म्हणजे तोल जातो. पिसाच्या दांडीत निळसर रक्त दिसत असेल तर थांबावे. कोवळे पीस कापले तर भळाभळा रक्त येते. विणीनंतर बदके ही सगळी पिसे एकदम टाकतात, तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत, आणि नवी पिसे आली की कातरलेले पाखरूही उडते. पिसे परत येतात हे विसरले जाते आणि पाखरू हातचे जाते. पक्षिसंग्रहांत कित्येक वर्षे पिल्लाच्या पंखाचे टोक सांध्यातून कापून टाकत. त्यातून पक्षी आयुष्यभरासाठी अपंग होतो. जाळी घालणे शक्य असताना ते करू नये.

पळालेल्या पाखरांचा फटका रानालाही बसतो. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून आणून सोडलेल्या मॅलार्डचा तिथल्या करड्या बदकाशी इतका संकर झाला की शुद्ध करडे बदक दुर्मिळ झाले. हवाईच्या कोलोआ बदकावरही हेच संकट आहे. अमेरिकेत पाळीव मॅलार्डवर सहा आठवड्यांच्या आत कायमची खूण करावी लागते, पायात कडी घालून किंवा अन्य ठरलेल्या रीतीने. त्यानंतर पाखरू उडते होते आणि हाती लागत नाही. बंद कडी पाऊल लहान असतानाच चढते, पण फार लवकर घातली तर निसटते. म्हणून ती रोज तपासावी.