सदाफुलीची चार पानं

‘रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावा, साखर उतरते, कॅन्सरही होत नाही.’ सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक.

१९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक हा पाला मधुमेहासाठीच तपासत होते. काढा पाजलेल्या उंदरांची साखर तशीच राहिली. अर्क टोचला, तर पांढऱ्या पेशी घटून उंदीर जंतुसंसर्गानं मेले! त्यातूनच १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं. ते पेशींचं विभाजन रोखतं, पण एका ग्रॅमसाठी साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. तेही शुद्ध करून, मोजून, थेट शिरेतून देतात. कुंडीतल्या चार पानांत मिळतो तो कडूपणा, आणि न मोजलेली इतर कितीतरी अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतींतली रसायनं.