व्हॅम्पायर रोमान्स: 'आत ये' म्हणायचा नियम कुठे गेला?

लसूण, क्रॉस, शवपेटी हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यात जात नाही. 2005 ते 2008 मध्ये आलेली 'ट्वायलाइट' ही चार पुस्तकांची व्हॅम्पायर-प्रेमकथेची मालिका, जिच्या पायरेटेड कॉप्या आपल्या मुंबईत सिग्नलला आणि फूटपाथवर मिळायच्या आणि लोकलच्या लेडीज डब्यात कुणाच्या ना कुणाच्या हातात दिसायच्या, तिच्याबद्दल आजही दोनच टोकं ऐकू येतात, एक जीव ओवाळून टाकणारं आणि दुसरं सरळ रद्दीत घाला म्हणणारं. मला दोन्ही पटत नाहीत. तिची ताकद आणि तिची खोट एकत्र कळायची असेल तर एक जुना नियम बघावा लागतो: घरातलं कुणीतरी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही.

1897 च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत हा नियम स्पष्ट शब्दांत आहे, पण त्यातली भीती त्याच्याही आधीची. 1816 च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी जी मंडळी भुताच्या गोष्टी रचत बसली होती त्यातून निघालेली कथा 1819 ला छापून आली, तिच्यात एक तरुण एका रक्तपिपासूबद्दल वर्षभर आणि वर एक दिवस तोंड उघडणार नाही अशी शपथ घेऊन बसतो आणि तेवढ्यात त्याच्याच बहिणीचं लग्न त्या रक्तपिपासूशी लागतं. 1872 च्या 'कार्मिला' या व्हॅम्पायरकथेत घरासमोर बग्गीला अपघात होतो आणि घरचे दया येऊन त्या मुलीला ठेवून घेतात. म्हणजे संकट दार फोडून येतच नाही, आपणच त्याला पाट मांडून बसवतो.

आपल्याकडे 1990 ला आलेल्या 'बंद दरवाजा'मध्येही हेच आहे. मूल होत नाही म्हणून ठकुराइन स्वतःच्या पायांनी व्हॅम्पायरकडे जाते, सौदा असा की मुलगा झाला तर तिचा, मुलगी झाली तर त्याची. मुंबईत बनलेला हा सिनेमा लोक हसण्यावारी नेतात, पण जुन्या नियमाचं मर्म त्याला बरोब्बर कळलं होतं.

मधे एक मोठा बदल झाला. 'ड्रॅक्युला' सगळी डायऱ्या, पत्रं आणि तारांमधून सांगितलीय पण खुद्द काउंट ड्रॅक्युलाची डायरी त्यात नाही, तो कायम दुसऱ्याच्या नजरेतून दिसतो. 1976 च्या एका अमेरिकन कादंबरीत व्हॅम्पायर टेपरेकॉर्डरसमोर बसून स्वतःची कहाणी सांगायला लागला, आणि भीती ओसरून जवळीक वाढली. पुढच्या रोमान्सची वाट खरी इथे मोकळी झाली.

आता 2005, 'ट्वायलाइट'चं पहिलं पुस्तक. नायक दिसायला सतरा वर्षांचा, जन्म मात्र 1901 चा, माणसाचं रक्त पीत नाही. भूक आहे, समोर आवडती मुलगी आहे, आणि तो स्वतःला आवरतो. पानांमागून पानं हा ताण टिकवणं सोपं काम नाही, आणि मालिकेची सगळ्यात मोठी ताकद मला हीच वाटते. दुसऱ्या पुस्तकात तो सोडून गेल्यावर पानांवर नुसती महिन्यांची नावं येतात, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, बाकी पान कोरं. अख्ख्या पुस्तकात यापेक्षा खरं दुःख नाही असं मी म्हणेन. पण त्याच कोऱ्या पानांत दोषही आहे, कारण मुलीला तो सोडून दुसरं आयुष्यच ठेवलेलं नाही, मैत्रिणी आणि वडील आहेत ते नावाला.

आणि खरा वाद त्या खिडकीचा. हा नायक तिला न विचारता रात्री खिडकीतून खोलीत शिरतो आणि ती झोपेत काय बडबडते ते ऐकत बसतो, एकदा नाही, जवळपास रोज. तिला कळतं तेव्हा ती चिडण्यापेक्षा लाजते जास्त. आमंत्रणाचा नियम लेखिकेने इथे काढूनच टाकलाय, आणि काढला तो काढला, वर या घुसण्याला प्रेमाचा पुरावा करून ठेवलंय. जुन्या गोष्टींत फसवून का होईना पण होकार घ्यावा लागायचा, आणि आपण हो म्हटलं होतं ही टोचणीच भीतीचं मूळ होती. इथे होकाराची गरजच उरली नाही. 2020 ला हीच गोष्ट त्याच्या बाजूने लिहून आली, त्यात तर खिडकी कुरकुरते म्हणून पुढच्या वेळी तेल आणावं लागेल असा विचार तो करतो. चाहते याला हळवेपणा म्हणतात, मला वाचताना अंगावर काटा आला, आणि तो काटा भयकथेचा आहे, प्रेमकथेचा नाही.

नियम ठेवून रोमान्स लिहिता येत नाही म्हणावं तर तसंही नाही. 2001 पासून आलेल्या दुसऱ्या एका अमेरिकन मालिकेत वेट्रेस असलेल्या नायिकेला स्वतः दिलेलं आमंत्रण परत घेता येतं, ती शब्द मागे घेते आणि घरात उभ्या असलेल्या व्हॅम्पायरला निमूट बाहेर पडावं लागतं, मग त्याचं तिच्यावर कितीही प्रेम असो.