रस्ता सुरक्षा : ठाणे आणि नवी मुंबई

रस्त्यावरच्या अपघातांत माणसे मरू नयेत, कायमची जायबंदी होऊ नयेत, यासाठी रस्त्याची रचना, वाहनांचा वेग, कायद्याची अंमलबजावणी आणि जखमींवरील उपचार यांचा एकत्रित विचार म्हणजे रस्ता सुरक्षा. भारतात 2022 या एका वर्षात 1,68,491 जण रस्त्यांवर दगावले. त्यांत दुचाकीवरचे सुमारे 44 टक्के, तर पायी चालणारे जवळपास 20 टक्के होते.

ठाणे-नवी मुंबईत बंदराची आणि शहराची वाहतूक एकाच रस्त्यावर येते. न्हावा-शेव्याच्या बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा असा घोडबंदर रस्त्याला लागतो. त्याच रस्त्यावर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली इथल्या वसाहतींतले लोक दुचाकीने कामावर जात-येत असतात. मेट्रो 4 च्या कामाने बराच काळ रस्त्याची रुंदी अडवली, सर्व्हिस रोडही मोकळे राहिले नाहीत. पावसाळा लागला की खड्डे, खचलेले पेव्हर ब्लॉक आणि डांबराचे उंचवटे यांची भर पडते. इथले अनेक मृत्यू एकाच प्रकारे होतात. दुचाकी खड्ड्यात आदळते किंवा तो चुकवताना घसरते, चालक रस्त्यावर पडतो आणि मागून येणाऱ्या अवजड वाहनाच्या चाकाखाली सापडतो. अशा अपघातांत जीव बहुधा नुसत्या पडण्याने जात नाही. मागे चिकटून चालणारे चाक जीव घेते. म्हणून अवजड वाहनांना ठरावीक वेळांतच प्रवेश देणे हा कोंडीपुरता उपाय नाही, तो थेट प्राण वाचवणारा उपाय आहे आणि त्यात सवलती देताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

खड्डा कोणाच्या हद्दीतला, हा वाद इथे वर्षानुवर्षे चालतो. महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा अनेक यंत्रणांचे हात एकाच रस्त्याला लागलेले असतात. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खड्ड्याची किंमत कोणी तरी मोजली पाहिजे, हे त्यामुळे स्पष्टपणे ठरले.

नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर अडचण नेमकी उलट आहे. वाशी ते बेलापूर असा सुमारे 10 किलोमीटरचा, सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) बांधलेला हा रस्ता रुंद, सरळ आणि गुळगुळीत आहे. रात्री तो रिकामा झाला की गाड्या सुसाट सुटतात. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताची शक्यता सुमारे 4 टक्क्यांनी वाढते. चांगला रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता ही समजूत इथे पार खोटी ठरते. वेगमर्यादेचे फलक पुरत नाहीत. स्पीड कॅमेरे सतत चालू हवेत आणि रस्ता ओलांडण्याच्या जागी वाहनाला हळू व्हावेच लागेल अशी रचना हवी.

माणूस चुकणार हे गृहीत धरून, त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये असा रस्ता बांधायचा, हा विचार स्वीडनने 1997 मध्ये धोरण म्हणून स्वीकारला. कळंबोलीजवळ सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर 2016 पासून ‘शून्य मृत्यू’ उपक्रम याच धर्तीवर राबवला गेला. त्यात उघडे खांब आणि कठडे झाकणे, लेनची शिस्त, धोक्याच्या जागांची दुरुस्ती आणि जखमींपर्यंत लवकर पोहोचणे यांवर भर होता.

केंद्राच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू वा गंभीर इजा झालेले 5 अपघात किंवा 10 मृत्यू झाले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. ही व्याख्या उपयोगाची असली तरी तिच्यापर्यंत पोहोचायला आधी माणसे जावी लागतात. रोज त्या वळणावरून जाणारे रिक्षावाले, बसचालक आणि ट्रॅफिक हवालदार यांना धोक्याची जागा त्याआधीच ठाऊक असते. त्यांची माहिती नोंदवून घेण्याची पद्धत हवी.

मोटार वाहन कायद्याने दुचाकी चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी ससेमिऱ्यापासून कायद्याचे संरक्षण 2019 च्या दुरुस्तीने मिळाले. अपघात पाहून पुढे निघून जाणाऱ्या कित्येकांना हे अजून माहीत नाही. 108 वर रुग्णवाहिका येते. 2025 पासून अपघातग्रस्तावर 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोख उपचार होण्याची केंद्राची योजनाही लागू आहे.